अ‍ॅडमिनिस्ट्रेटर असूनही सर्व्हरची सेटिंग्ज उघडत नाही तेव्हा

सर्व्हर सपोर्टला लागून मला जेमतेम तीन आठवडे झाले होते आणि विंडोज सर्व्हर 2019 च्या एका मशीनचा आयपी बदलायचं काम आलं. सेटिंग्जमध्ये नेटवर्क उघडलं, ‘चेंज अ‍ॅडॅप्टर ऑप्शन्स’वर क्लिक केलं तर एररचा बॉक्स, की हा पाथ किंवा फाईल उघडता येत नाही, तुमच्याकडे परमिशन नसावी. आणि लॉगिन तर खुद्द अ‍ॅडमिनिस्ट्रेटरनेच केलेलं!

परमिशन म्हटल्यावर मी फोल्डरच्या सिक्युरिटी टॅबमध्ये घुसले, फुल कंट्रोल देत सुटले, मग यूएसीचा (मोठा बदल करण्याआधी ‘येस की नो’ विचारणाऱ्या सुरक्षेचा) स्लायडर पार खाली ओढला, तरी बॉक्स तसाच. नवीन मुलं अजूनही हेच करतात म्हणून कळकळीने सांगते, फाईलच्या परमिशनला हात लावू नका, गडबड तिथे नसतेच. शेवटी सर येऊन म्हणाले, "आधी कमांड प्रॉम्प्ट उघड आणि तू नक्की कोण आहेस ते विचार."

म्हणजे हू-अ‍ॅम-आय स्लॅश यूजर (whoami /user) ही कमांड. त्यात जो लांबलचक एसआयडी, म्हणजे अकाउंटचा ओळख क्रमांक येतो त्यात शेवटच्या डॅशनंतर फक्त 500 असेल तर ते विंडोजसोबत आलेलं मूळ अ‍ॅडमिनिस्ट्रेटर अकाउंट, त्याचं नाव बदललेलं असलं तरी. बाकीच्या अ‍ॅडमिन अकाउंटना लॉगिन होताना दोन टोकन, म्हणजे अधिकारांचे पास मिळतात, एक साधं रोजच्या कामाचं आणि एक पूर्ण ताकदीचं, जे यूएसीला ‘येस’ म्हटल्यावर वापरलं जातं. या मूळ अकाउंटला डिफॉल्टमध्ये एकच, सतत पूर्ण ताकदीचं टोकन असतं, आणि सेटिंग्ज हे नव्या पद्धतीचं अ‍ॅप असल्यामुळे त्याला नेमकं तेच पचत नाही. म्हणजे परमिशन कमी पडत नसते, उलट जास्त असते, पण एरर मात्र उलटंच सांगते!

काम अडलं असेल तर विंडोज की आणि आर दाबून एनसीपीए डॉट सीपीएल टाइप करा, अ‍ॅडॅप्टरची जुनी खिडकी थेट उघडते. सिस्टिम प्रॉपर्टीजसाठी एसवायएसडीएम डॉट सीपीएल. माझा आयपी त्या दिवशी असाच बदलला.

कायमचं करायचं तर रनमध्ये (तीच विंडोज की आणि आरची खिडकी) सेकपोल डॉट एमएससी (secpol.msc), मग लोकल पॉलिसीज, सिक्युरिटी ऑप्शन्स, आणि यूएसीच्या ओळींमधली ‘अ‍ॅडमिन अ‍ॅप्रूव्हल मोड फॉर द बिल्ट-इन अ‍ॅडमिनिस्ट्रेटर अकाउंट’ ही ओळ एनेबल करा. टोकन लॉगिनच्या वेळी बनतं त्यामुळे लॉगऑफ करून परत या, नुसती खिडकी बंद करून उघडून काही होत नाही. मग हू-अ‍ॅम-आय स्लॅश ग्रुप्स मारलं की आधी जिथे हाय मँडेटरी लेव्हल (किती अधिकाराने काम चालू आहे ती पातळी) दिसत होतं तिथे मीडियम दिसतं, आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स ग्रुपपुढे ‘डिनाय ओन्ली’ असं लिहून येतं, ते बघून घाबरू नका, तसंच यायला हवं.

पण कोणी रजिस्ट्रीत ‘एनेबल एलयूए’ 0 करून यूएसी मुळातूनच बंद केलेलं असेल तर ही पॉलिसी लावून उपयोग नाही, आधी ते 1 करून मशीन रिस्टार्ट करावं लागतं. मशीन डोमेनमध्ये, म्हणजे कंपनीने एकाच ठिकाणाहून सांभाळलेल्या मशीनच्या गटात असेल तर वरची ग्रुप पॉलिसी तुमचा बदल पुसून टाकू शकते, म्हणून कोणती पॉलिसी लागू झाली ते दाखवणारा जीपी-रिझल्ट (gpresult) काढून बघा.

आणि चालू प्रॉडक्शनवर हे करायच्या आधी टास्क शेड्युलर नक्की उघडा. या अकाउंटने चालणाऱ्या ज्या टास्कला ‘रन विथ हायेस्ट प्रिव्हिलेजेस’ची टिक नाही त्या आता अर्ध्या ताकदीने चालतील, म्हणजे रात्रीचा बॅकअप गुपचूप फेल जाऊ शकतो. दुसऱ्या मशीनवरून हेच लोकल अकाउंट वापरून सी-डॉलर शेअर (सी ड्राइव्हचा फक्त अधिकाऱ्यांसाठीचा लपलेला शेअर) उघडत असाल तर तेही अडतं. आमच्याकडे म्हणून प्रत्येकाला स्वतःच्या नावाचं वेगळं अ‍ॅडमिन अकाउंट दिलंय, त्याने लॉगिन केलं की हा बॉक्स येतच नाही, आणि मूळ अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड फक्त अडीअडचणीसाठी बाजूला ठेवलाय.