मेनिंगोकॉकल आजार: रिपोर्टची वाट पाहण्याची आणि इतर चुका टाळा

ताप, डोकेदुखी, उलट्या म्हटलं की आपण डेंग्यू धरून चालतो आणि प्लेटलेट्सचे आकडे मोजत बसतो. मेनिंगोकॉकल या जंतूमुळे मेंदूच्या आवरणाला सूज येते किंवा रक्तात संसर्ग पसरतो, आणि त्यात तेवढी सवड नसते. सकाळी साधा ताप असलेला तरणाताठा मुलगा रात्री शॉकमध्ये जाऊ शकतो, म्हणजे त्याचा रक्तदाब कोसळू शकतो. उपचार मिळूनही शंभरात दहा-पंधरा रुग्ण दगावतात.

मान आखडणं हे याचं ओळखीचं लक्षण, पण ती आखडली नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. जंतू रक्तात पसरले असतील तर मान मोकळीही राहते. हातपाय गार पडणं, पाय दुखणं, गुंगी ही लक्षणं आधी दिसू शकतात. पुरळावर काचेचा ग्लास दाबून पाहा. डाग विरला नाही तर थेट हॉस्पिटल गाठा. सावळ्या अंगावर पुरळ चटकन नजरेत भरत नाही, म्हणून तळहात, तळपाय, पापणीची आतली बाजू बघा. पण पुरळ येईल तेव्हा बघू, असं मात्र नको.

तपासणीसाठी पाठीतलं पाणी काढायला उशीर होणार असेल तर अँटिबायोटिक थांबवू नये. आणि कल्चरसाठी (जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीसाठी) काढलेला नमुना फ्रिजमध्ये ठेवू नये! हा जंतू गारव्याने मरतो, मग रिपोर्ट 'काही वाढलं नाही' असा येतो आणि सगळे निवांत होतात.

सगळ्यात महागात पडते ती कळवण्यातली दिरंगाई. संशय आला त्याच दिवशी पालिकेच्या किंवा जिल्ह्याच्या साथरोग सर्वेक्षण कक्षाला फोन करा. खात्रीचा रिपोर्ट मागाहून देता येतो. दिल्लीत 1966, 1985 आणि 2005 मध्ये याच्या साथी येऊन गेल्या आहेत. कळवल्याशिवाय रुग्णाच्या घरातल्यांना, हॉस्टेलच्या रूममेटना प्रतिबंधक गोळ्या देणार कोण? त्या शक्यतो 24 तासांत द्यायच्या असतात. अख्ख्या शाळेला किंवा सोसायटीला वाटत सुटायची गरज नसते. यातल्या रिफाम्पिसिन या गोळीने लघवी नारिंगी होते, कॉन्टॅक्ट लेन्सवर डाग पडतात, गर्भनिरोधक गोळ्यांचा असर कमी होतो. हे आधीच सांगा, नाहीतर लोक घाबरून गोळ्या अर्धवट सोडतात.

हजला जाणाऱ्यांना या जंतूच्या ए, सी, डब्ल्यू, वाय गटांवरची लस सक्तीची आहे, तीही पोहोचण्याच्या किमान 10 दिवस आधी. परदेशी शिकायला जाणाऱ्या मुलांकडेही अनेक विद्यापीठं ती मागतात. ही लस बी गटावर चालत नाही. त्यामुळे लसीचं सर्टिफिकेट असलेल्या रुग्णातही हा संशय बाजूला सारू नये.