गावाच्या जनावरांचा इतिहास कसा नोंदवावा

गावचा इतिहास लिहायला घेतला की पाटील, देऊळ आणि गढी यांतच वही भरते. विहिरी उपसणारे बैल आणि रानं खतावणारी मेंढरं त्यात येत नाहीत. सातारा, सांगली, सोलापूर या पट्ट्यात त्यांच्या खुणा अजून सापडतात. लांब टेप, विजेरी, वही आणि फोन एवढं साहित्य पुरे.

१. आधी दगड पाहा. म्हाताऱ्या माणसांकडे नंतर जा, म्हणजे विचारायला काहीतरी हातात असतं. देवळामागे, पारावर वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड, असतात. ते खालून वर वाचायचे: तळाच्या कप्प्यात लढाई, त्यावर वीराला नेणाऱ्या अप्सरा, मग शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्र-सूर्य. तळाशी गाईंची रांग कोरलेली असेल तर गुरं पळवणाऱ्यांशी लढताना हा माणूस पडला असं समजावं. अडचण अशी, की नेमका हाच कप्पा मातीत गेलेला असतो. उकरू नका, जेवढं दिसतं तेवढंच लिहा. भर दुपारी फोटोत उठाव सपाट येतो. सकाळी तिरप्या उन्हात किंवा अंधारात विजेरी दगडाच्या अगदी कडेला धरून काढा. खडू, तेल लावायचं नाही. शेंदूर असेल तर खरवडायचा नाही, तिथे पूजा चालते.

२. मग मोटेची विहीर. मोट म्हणजे बैलांनी ओढून पाणी वर काढायची मोठी चामडी पिशवी, आणि धाव म्हणजे ती ओढताना बैल ज्यावरून चालतात तो विहिरीलगतचा उतार. इथे टेप कामाला येते. बैल धावेवरून जितके पुढे जातात तितकीच मोट वर येते, त्यामुळे धावेची लांबी म्हणजे पाणी किती खोलवरून ओढत होते याचा ढोबळ अंदाज. धाव ४० फूट आणि विहीर ७० फूट निघाली, तर खालचा भाग मोट बंद झाल्यावर खोदला असण्याची शक्यता मोठी. धाव पुढे बुजवली असेल तर हिशेब चुकतो, म्हणून तिचं खालचं टोक नीट शोधा. किती मोटा चालत ते थारोळ्यांवरून, म्हणजे मोट जिथे रिकामी होते त्या दगडी कुंड्यांवरून मोजा. साताऱ्याजवळच्या लिंब गावच्या बारा मोटेच्या विहिरीचं नावच तिथून आलंय. मात्र मोटा चार म्हणून चारही रोज चालत होत्या असं लिहू नका.

३. कागद. १८८४-८५ च्या सुमाराच्या सोलापूर, सातारा गॅझेटियरांत शेतीच्या प्रकरणात नांगर, गाड्या, बैल, म्हशी यांचे आकडे आहेत. ते गावाचे नसतात, आणि हद्दीही बदलल्यात: आजचा सांगली जिल्हा १९४९ साली दक्षिण सातारा म्हणून वेगळा झाला. जुना आकडा आजच्या जिल्ह्याला चिकटवला की सगळंच बिघडतं. पशुगणना १९१९ पासून होते. गायरान, म्हणजे गुरं चारायची गावाची जमीन, किती होतं आणि कुठे गेलं हे जुन्या सातबारा-फेरफारांतून कळतं. ग्रामपंचायतीत कोंडवाड्याची, म्हणजे मोकाट गुरं कोंडायच्या जागेची, जुनी वही मागून पाहा. कोंडवाडे १८७१ च्या कायद्याखाली चालत.

४. आता माणसं. ‘पूर्वी कसं होतं?’ असं विचारलं तर ‘लई चांगलं होतं’ एवढंच हाती लागतं. काम विचारा: वेसण कोण घालायचं, खोंड कितव्या वर्षी जुवाला धरायचा, झूल कुठून आणायची, बाजारात रुमालाखाली बोटं धरून सौदा कसा व्हायचा. वय दातांवरून सांगतात. दोन दाती, चार दाती, जुळलेला (सगळे दात आलेला) हे शब्द तसेच टिपा, त्यांचे ‘शुद्ध’ पर्याय करू नका. सालं आठवत नाहीत, तेव्हा कोयनेचा भूकंप (११ डिसेंबर १९६७) आणि बहात्तरचा दुष्काळ यांच्या आधी की नंतर, ते विचारा. दुष्काळात गुरांच्या छावणीत कोणती जनावरं नेली आणि परत किती आली, हा प्रश्न शेवटी ठेवा. त्यावर माणसं गप्प होतात.

५. धनगरांचा वाडा, म्हणजे मेंढरं घेऊन फिरणाऱ्या कुटुंबांचा तांडा, दिवाळीनंतर कोकणाकडे किंवा खोऱ्यात उतरतो आणि पावसाआधी परततो. मुक्कामांची नावं ओळीनं लिहून घ्या, प्रत्येक ठिकाणी किती रात्री मेंढरं खतासाठी शेतात बसायची आणि शेतकरी बदल्यात धान्य द्यायचा की पैसे, तेही. नकाशावर मुक्काम जोडा. मग दुसऱ्या कुटुंबाकडून तोच रस्ता विचारा. दोघांचं जुळलं नाही तर दोन्ही रेषा ठेवा, वेगवेगळ्या रंगांत.