गिअर ऑइलची पातळी : इंजिन चालू ठेवूनच

माझ्या जुन्या ऑटोमॅटिक गाडीत सकाळी 'डी' (ड्राइव्ह, म्हणजे पुढे जाण्याचा गिअर) टाकल्यावर ती दोन-तीन सेकंद जागची हलत नसे, आणि कसारा घाट चढताना इंजिनाचा आवाज वाढूनही वेग मात्र वाढत नसे. नाशिकमधील एका गॅरेजमध्ये बंद इंजिनावर डिपस्टिक (ऑइलची पातळी मोजायची खुणांची पट्टी) पाहून गिअर ऑइल पुरेसे असल्याचे सांगण्यात आले. चूक तेथेच होती. इंजिन बंद झाले की पंप थांबतो, वरचे ऑइल गिअरबॉक्सच्या तळाच्या भांड्यात, म्हणजे पॅनमध्ये, उतरते आणि पातळी फसवी, जास्त दिसते.

मालकपुस्तिका वाचून (हे आधीच करायला हवे होते) मी गंगापूर रोडवर वीस मिनिटे गाडी फिरवली, सपाट जागी हँडब्रेक लावला, ब्रेक दाबून प्रत्येक गिअरमध्ये क्षणभर थांबलो आणि 'पी'मध्ये (पार्किंग), इंजिन चालू ठेवून, डिपस्टिक पुसून पुन्हा बुडवली. पातळी 'हॉट' खुणेच्या बरीच खाली होती. रंग मात्र लालसर होता आणि जळका वास नव्हता, म्हणून केवळ भर घालणे पुरेसे वाटले.

पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचेच ऑइल लांब नळीच्या नरसाळ्याने डिपस्टिकच्या नळीतून, दर खेपेस सुमारे १०० मिलिलिटर, घालत गेलो. शेवटी घाईत थोडे जास्त झाले. जादा ऑइल फिरत्या भागांनी घुसळले जाऊन त्याला फेस येतो, म्हणून तेवढे सिरिंजला बारीक नळी जोडून काढले. काही गाड्यांत, विशेषतः होंडाच्या, पातळी इंजिन बंद करून पाहतात आणि अनेक नव्या गाड्यांत डिपस्टिकच नसते. माझ्या गाडीत ऑइल कमी झाले ते पॅनच्या गास्केटमधून (सांध्यातील सीलमधून) होणाऱ्या गळतीमुळे; ते गास्केट बदलले.