बगफिक्स उलटला तर तो मागे कसा घ्यावा

इंदूरच्या सराफ्यातल्या एखाद्या दुकानाचं बिलिंग घ्या. रुपयांत पूर्णांक करताना बिल चुकत होतं, म्हणून रकमेत 0.5 मिळवून दशांश छाटणारा फिक्स आला. विक्रीची बिलं सुधारली, पण परताव्यात -10.70 चे -11 व्हायच्या ऐवजी -10 होऊ लागले. रात्री दुकानं बंद होऊन ओट्यांवर खाऊवाले बसतात, त्याआधी हे निस्तरायचं आहे.

दोष याच फिक्सचा आहे ना, ते आधी आपल्या मशीनवर तपासा. खात्री नसेल तर गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) मधला बायसेक्ट लावा. तो दर वेळी मधला कमिट, म्हणजे नोंदवलेला बदल, तपासायला देऊन शोध निम्म्यावर आणतो. 100 कमिट असले तरी साधारण 7 तपासण्यांत गुन्हेगार सापडतो.

फिक्स एकाच कमिटमध्ये असेल तर गिट रिव्हर्ट (उलटा बदल करणारा नवा कमिट) आणि त्या कमिटचा हॅश, म्हणजे ओळखक्रमांक. झालं.

'हार्ड रिसेट करून फोर्स पुश करा', म्हणजे शाखा (कामाची वेगळी वाट) जुन्या कमिटवर नेऊन सर्व्हरवर जबरदस्तीनं चढवा, असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. नंतर आलेलं इतरांचं काम शाखेवरून उडतं आणि चुकलेला कमिट कुणाच्या तरी जुन्या प्रतीतून परत येतो.

खरी मेख मर्ज कमिटमध्ये, म्हणजे दोन शाखा जोडणाऱ्या कमिटमध्ये आहे. तिथे -एम 1 (-m 1) दिल्याशिवाय गिट रिव्हर्ट करतच नाही. हा 1 म्हणजे मर्जच्या मागच्या दोन कमिटांपैकी पहिला, पहिला पालक, म्हणजे मर्ज करताना आपण ज्या शाखेवर होतो ती. पण कुणी मुख्य शाखा आपल्या शाखेत ओढून तसंच पुश केलं असेल, तर पहिला पालक त्याची शाखा असते आणि -एम 1 नं फिक्स तसाच राहून बाकीच्यांचं काम उलटतं. म्हणून गिट शो मधली मर्जची ओळ डोळ्यांनी वाचा. रिव्हर्टनंतर किती फायली बदलल्या तेही बघा. दोनच अपेक्षित असताना चाळीस दिसल्या तर पुश करू नका.

दुसरा सापळा पुढे आहे. तीच शाखा दुरुस्त करून पुन्हा मर्ज केली, तर फक्त नवे कमिट येतात. जुने आधीच मर्ज झालेत असं गिट धरतं, त्यामुळे अर्धाच कोड पोचतो. आधी रिव्हर्टचाच रिव्हर्ट करा, मग त्यावर दुरुस्ती घाला.

डेटाबेसला गिट हात लावत नाही. फिक्सनं नवा कॉलम जोडला असेल तर आधी जुना कोड चढवा, मग कॉलम काढा. दरम्यान निघालेल्या परताव्याच्या बिलांची यादी मुनीमजींना द्या. ती आपोआप सुधारणार नाहीत.

रिव्हर्टच्या संदेशात कारण लिहा, आणि -10.70 ची टेस्ट हिरवी झाल्याशिवाय फिक्स परत आणू नका.