घरातल्या दिवंगत माजी सैनिकाचा जीवनलेख कसा लिहावा

किस्से नंतर, आधी कागद काढा. सेवापुस्तिका किंवा सेवामुक्तीचा दाखला, पेन्शनचे कागद, लग्नाचा दाखला, मुलांच्या जन्मतारखा. वहीत तीन रकाने आखा: वर्ष, घटना आणि ती कुठून कळली. तिसरा रकाना सगळे टाळतात. मग महिन्याभराने ‘बदली आधी की लग्न आधी’ यावर दोन भाऊ हमरीतुमरीवर येतात आणि कुणाचं बरोबर ते सांगायला काहीच उरत नाही.

दोन वेगळ्या जन्मतारखा सापडल्या तर दचकू नका. भरती होण्यासाठी वय वाढवून सांगणारी पोरं अनेक देशांत होती. लेखात जन्मदाखल्यावरची तारीख द्या, लष्करी कागदावरची वहीत राहू द्या.

लष्करी अभिलेखागाराकडून ‘नोंद सापडत नाही’ असं उत्तर आलं म्हणून माणूस खोटा ठरत नाही. अमेरिकेत सैनिकांच्या फायली ठेवणाऱ्या सेंट लुइसच्या अभिलेखागाराला १२ जुलै १९७३ रोजी आग लागली आणि १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फायली गेल्या. १९१२ ते १९६० या काळात भूदलातून बाहेर पडलेल्यांच्या सुमारे ८० टक्के. अशा वेळी वेतनाच्या नोंदी, पलटणीची दैनंदिनी, लष्करी इस्पितळाचे कागद अशा आडवाटांनी जावं लागतं.

आता पदकं. छातीवरचं प्रत्येक पदक शौर्याचं नसतं, आणि लेखात सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. मोहिमेचं पदक एवढंच सांगतं की हा माणूस अमुक काळात अमुक भागात तैनात होता. दीर्घ सेवेचं वेगळं, शौर्याचं वेगळं. ‘युद्धाच्या वर्षांत सेवेत होते’ आणि ‘युद्धात लढले’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत; पुरावा असेल तेच लिहा. पदकाची कड भिंगाखाली धरून टॉर्चचा उजेड तिरपा पाडा. बऱ्याच पदकांच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव कोरलेलं असतं. कड कोरी निघाली तरी संशय नको: दुसऱ्या महायुद्धातले ‘स्टार’, म्हणजे ताऱ्याच्या आकाराची मोहिमेची पदकं, ब्रिटिश सैनिकांना नावाविनाच दिली गेली. चकाकीसाठी पॉलिश मात्र लावू नका. दरवेळी घासताना अक्षरं थोडी थोडी झिजतात आणि एक दिवस नंबर वाचताच येत नाही.

फोटोत पदकं उजव्या छातीवर दिसली तर थांबा. स्वतःची पदकं डाव्या बाजूला लावतात. मग एक तर निगेटिव्ह उलटी छापली गेली असणार (शर्टाची बटणपट्टी आणि पाटीवरची अक्षरं बघा, लगेच कळतं), नाहीतर ती पदकं त्यांची नव्हेतच. दिवंगत वडिलांची किंवा आजोबांची पदकं उजव्या छातीवर लावण्याची रीत ब्रिटनसह काही देशांत आहे. एवढं न बघता ‘आजोबांना चार पदकं’ असं छापून मोकळे होणारे कमी नाहीत.

फोटो ६०० डीपीआयला स्कॅन करा, अगदी छोटे १२०० ला, आणि मागची बाजूही. नावं लिहायची तर कडेला, मऊ पेन्सिलीने. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. चिकट पानांच्या अल्बममधला फोटो ओढून काढू नका, पानासकट स्कॅन करा. नातेवाइकांकडून येणारे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून मागवा, नाहीतर आकसून येतात. त्या सैनिकाच्या आवाजाची जुनी कॅसेट असेल तर वरच्या कडेचे दोन्ही छोटे प्लॅस्टिकचे तुकडे आधी मोडा. मग चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी आवाज पुसला जात नाही.

लेखाचा जीव मात्र घरात असतो. सेवा पंधरा वर्षांची, संसार पंचावन्न वर्षांचा आणि मजकूर सगळा पलटणीचा, असं होऊ देऊ नका. मुलांना-नातवंडांना ‘कसे होते?’ असं विचारलं की ‘प्रेमळ, शिस्तप्रिय’ एवढंच हाती लागतं. त्यापेक्षा विचारा: घरात काही मोडलं की ते काय करायचे? कशावरून चिडायचे? त्यांच्या खिशात नेहमी काय असायचं? ‘घड्याळात नवा सेल घातला की त्यावर बारीक अक्षरात तारीख लिहायचे’, या एका वाक्यापुढे ‘शिस्तप्रिय’ची गरजच राहत नाही. सून आणि जावई यांना एकेकटं गाठा. मुलांना सवयीने न दिसलेलं त्यांना दिसलेलं असतं.

लढाईबद्दल ते कधी बोलले नसतील तर ती जागा कल्पनेने भरू नका. ‘त्या दोन वर्षांबद्दल ते घरात कधी बोलले नाहीत’ हे लिहिणंही माहितीच आहे.

लेख शोकसभेत वाचायचा असेल तर पाच मिनिटांना साडेपाचशे-सहाशे शब्द पुरतात. एकदा मोठ्याने वाचा. जिथे दम लागतो तिथे वाक्य तोडा. मग नावं तपासायला दोघांकडे द्या, त्यातला एक घराण्याच्या दुसऱ्या शाखेतला हवा. पहिली पत्नी, लहानपणी गेलेलं मूल, दत्तक नातू हीच नावं सुटतात आणि त्यांचं दुखणं वर्षानुवर्षं राहतं. हुद्दा निवृत्तीच्या वेळचा द्या, पलटणीचं नाव त्या काळचं.

इंटरनेटवर टाकण्याआधी सेवा क्रमांक, पूर्ण जन्मतारीख आणि घरचा पत्ता काढून टाका. जन्माचं नुसतं वर्ष ठेवा. सेवापुस्तिकेचा फोटो टाकायचा मोह झाला तर क्रमांकावर कागदाची पट्टी ठेवूनच काढा. अंत्यविधीची वेळ जाहीर केली असेल तर त्या वेळेला घरी कुणीतरी थांबायला हवं, कारण घर रिकामं असल्याचंही त्यातून जाहीर होतं.