बाइंड सुरू होत नसेल तर

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे ऐन रंगात असताना एखाद्या पेढीतील सगळ्या संगणकांवर 'सर्व्हर सापडत नाही' असा संदेश येऊ लागला, तर आधी त्या सर्व्हरचा आयपी पत्ता (अंकी पत्ता) देऊन आणि मग त्याचे नाव देऊन पिंग करावे, म्हणजे तो उत्तर देतो का ते पाहावे. अंकांना उत्तर मिळते पण नावाला मिळत नाही, असे दिसल्यास पेढीतील डीएनएस (नावावरून आयपी पत्ता सांगणारी सेवा), म्हणजे लिनक्सवर चालणारा बाइंड हा प्रोग्राम, तपासायला घ्यावा.

सेवा पुन्हापुन्हा रीस्टार्ट करत बसू नये, कारण काही सेकंदांत अनेक प्रयत्न झाले की सिस्टिमडी (लिनक्सवरील सेवा सुरू-बंद करणारा प्रोग्राम) पुढचे प्रयत्न नाकारू लागते आणि खरी चूक नोंदींच्या ढिगाखाली जाते. जर्नलसीटीएल या नोंदी दाखवणाऱ्या आज्ञेने 'नेम्ड' या, म्हणजे बाइंडच्याच, सेवेच्या नोंदी काढाव्यात आणि शेवटच्या प्रयत्नाच्या सुरुवातीपासून वाचत यावे. पहिली चूक महत्त्वाची, तिच्यानंतरच्या बहुतेक चुका तिच्यामुळेच आलेल्या असतात.

त्यानंतर बाइंडच्या सेटिंगची फाइल तपासणारी 'नेम्ड-चेककॉन्फ' ही आज्ञा चालवावी. ती फाइलचे नाव आणि ओळीचा क्रमांक सांगते, मात्र सुटलेल्या अर्धविरामाची तक्रार पुष्कळदा पुढच्या ओळीवर येते, म्हणून वरची ओळही पाहावी. ही आज्ञा रूट (सर्व हक्क असलेला वापरकर्ता) म्हणून चालवून सारे ठीक दिसले, तरी तेवढ्यावर विसंबणे मला योग्य वाटत नाही. सेवा स्वतः डेबियन आणि उबुंटूवर 'बाइंड', तर रेड हॅटच्या कुळात 'नेम्ड' या वापरकर्त्याच्या हक्काने चालते. रूटने बनवलेली फाइल त्याला वाचता येत नसेल, तर रूटला काहीच चुकलेले दिसत नाही आणि सेवा मात्र उभी राहत नाही. त्यामुळे हीच तपासणी सुडो या आज्ञेने त्या वापरकर्त्याच्या नावाने पुन्हा करावी. परवानग्या बरोबर असूनही नकार येत असेल, तर ॲपआर्मर किंवा एसईलिनक्स या लिनक्सवरील जादा सुरक्षा-व्यवस्थांच्या नोंदी पाहाव्यात.

पावसाळ्यात वीज अचानक जाऊन सर्व्हर बंद पडला असेल, तर डिस्क केवळ-वाचनीय झाली आहे का आणि तिच्यात जागा उरली आहे का, हे आधी पाहावे.

कधी सेवा चालू दिसते, पण उत्तर देत नाही. अशा वेळी डीएनएसचे 53 क्रमांकाचे पोर्ट (प्रश्न येण्याचे दार) डीएनएसमास्कसारख्या दुसऱ्या प्रोग्रामने धरले आहे का, हे 'एसएस' आज्ञेने पाहावे. एकाच झोनची (नावांच्या एका गटाची) नावे मिळत नसतील, तर त्या झोनची फाइल 'नेम्ड-चेकझोन'ने तपासावी, कारण डेबियन आणि उबुंटूवर झोनमधील चूक सहसा सेवा थांबवत नाही, फक्त तो झोन लोड होत नाही.

दुरुस्तीनंतर डिग या डीएनएसला प्रश्न विचारणाऱ्या आज्ञेने आधी सर्व्हरवरूनच आणि मग पेढीतील दुसऱ्या संगणकावरून एक नाव विचारावे. सर्व्हरवर उत्तर मिळून दुसरीकडे न मिळाल्यास फायरवॉलमध्ये 53 हे पोर्ट यूडीपी आणि टीसीपी या माहिती पाठवण्याच्या दोन्ही पद्धतींसाठी उघडे आहे का, ते पाहावे.