सहावी-सातवीच्या वर्गात नदीची कादंबरी कशी शिकवावी

नदी आटण्याची गोष्ट सांगणारं पुस्तक ठरलंय, दोघांत एक तरी प्रत येईल एवढ्या प्रती जमवल्यात, तुम्ही स्वतः ते दोनदा वाचलंय, हे मी धरून चालते. ज्या गोष्टी कुणी सांगत नाही, तिथून सुरुवात करते.

आधी वेळ बघा. जूनअखेर सुरू करा आणि पोळ्याच्या आत संपवा. खान्देशात दिवाळीनंतर वर्ग अर्धा होतो. कपाशीची वेचणी चालू असते, आणि साक्री, नंदुरबार, चाळीसगावकडची कितीतरी मुलं आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात. कादंबरी मध्येच सुटली की परत आलेलं मूल त्या पुस्तकाला सहसा हात लावत नाही. धडा सुटला तर गाईड असतं, गोष्ट सुटली तर काही नसतं.

पहिली २० पानं तुम्हीच मोठ्याने वाचा. रोज १५-२० मिनिटं, जास्त नाही. पुढे मुलं जोडीने वाचतील. एकेकाला उभं करून एकेक परिच्छेद वाचून घ्यायची पद्धत मात्र बंद करा. जो अडखळतो त्याला त्या तासातली गोष्ट आठवत नाही, फक्त आपलं अडखळणं आठवतं. कठीण शब्द फळ्यावर लिहून अर्थ उतरवून घेऊ नका. मूल विचारेल तेव्हा सांगा, आणि अहिराणीत किंवा लेवा बोलीत सांगता आलं तर तसंच सांगा. चर्चेतही मुलांना घरच्या बोलीत बोलू द्या. प्रमाण मराठीत मुलं आपल्याला आवडेल ते बोलतात, घरच्या बोलीत त्यांना वाटतं ते बोलतात.

नकाशासाठी दोन तास ठेवा. एका कागदावर पुस्तकातलं गाव, दुसऱ्यावर आपलं. बऱ्याच मुलांच्या मनात नदी गावाच्या पुलापासून सुरू होते. तापी मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावते, सुमारे ७२४ किलोमीटर वाहत सुरतेपलीकडे समुद्राला मिळते, आणि वाटेत वाघूर, गिरणा, बोरी, अनेर, पांझरा तिला येऊन मिळतात, हे मुलांनी स्वतःच्या हाताने काढायला हवं. कारण अशा जवळपास प्रत्येक कादंबरीत भांडण एकच असतं: वर कोण आणि खाली कोण. ते कागदावर दिसलं की अर्धी कथा उलगडते.

नकाशानंतर बरणीचा प्रयोग. १ लिटरची बरणी कोरड्या वाळूने काठोकाठ भरा आणि मोजून पाणी ओता. ३०० ते ४०० मिलीलिटर पाणी आत मावतं. भरलेल्या बरणीत एवढं पाणी जातं कुठे, हा प्रश्न मुलंच विचारतात. मग त्यांना सांगा की नदीचं पात्र ही अशीच मैलोन्‌मैल लांब बरणी आहे, काठावरच्या विहिरींना तीच पाणी पुरवते, आणि वाळू उपसली की बरणीच लहान होते. ही बरणी खिडकीत ठेवून द्या, पुढे लागणार आहे.

आता जिथे वर्ग हातातून सुटतो ती जागा.

कादंबरीच्या मध्यावर कुठेतरी ते प्रकरण येतं, ज्यात नदी कोणामुळे आटली ते कळतं. वाळूचा ट्रॅक्टर असतो, वीटभट्टी असते, जंगल तोडणारा असतो, नाहीतर सहा बोअर मारलेला केळीवाला असतो. शहरातल्या वर्गाला हा खलनायक पुस्तकात भेटतो. आपल्या वर्गात त्याचा मुलगा तिसऱ्या बाकावर बसलेला असतो.

गिरणाकाठच्या एका शाळेत मी हे पहिल्यांदा शिकवलं, तेव्हा ते प्रकरण वाचून झाल्याबरोबर फळ्यावर प्रश्न लिहिला होता: ‘गुन्हेगार कोण?’ वर्ग उत्साहात बोलत होता. मला वाटलं, तास उत्तम चाललाय. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक मुलगी पुढच्या मुलाला म्हणाली, “तुना बाप बी हाईच करस.” वर्ग हसला. तो मुलगा हसला नाही. दुसऱ्या दिवसापासून तो ९ दिवस शाळेत आला नाही. मी घरी गेले. दारात ट्रॅक्टर उभा होता. त्याच्या आईने चहा दिला, आणि मी काही बोलायच्या आत विचारलं, “मॅडम, ट्रॅक्टरना हप्ता कोन भरी?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो मुलगा शाळेत परत आला, पण त्या पुस्तकाकडे परत आला नाही. यात त्या मुलीची काही चूक नव्हती. तिने माझ्याच प्रश्नाचं उत्तर दिलं होतं.

म्हणून त्या प्रकरणाच्या चार दिवस आधी वाचन थांबवा. तुमच्या वर्गात कुणाच्या घरी काय काम आहे याची यादी मनाशी करा. ती कागदावर नको आणि मुलांना विचारून तर नकोच. मग प्रत्येकाला पुस्तकातलं एक पात्र द्या. त्या पात्राचा एक दिवस मुलांनी ‘मी’ म्हणून लिहायचा: किती वाजता उठलो, कुणाचं देणं आहे, डिझेलला किती गेले, हातात किती उरले, घरी कोण आजारी आहे. पुस्तकात नसेल ते मुलांनी अंदाजाने भरायचं. हिशोब मात्र पैशांत हवा. नुसत्या भावना लिहायला सांगितल्या की सगळी पात्रं सारखीच दुःखी होतात.

इथे एक नियम मोडू नका. ज्याच्या घरी जे काम, ते पात्र त्याला द्यायचं नाही. ट्रॅक्टरवाल्याच्या मुलाला नायिकेची आजी द्या किंवा तलाठी द्या. ‘त्यालाच ट्रॅक्टरवाला करा, तो अनुभवाने बोलेल’ असा सल्ला मला एका प्रशिक्षणात मिळाला होता. तो अत्यंत वाईट सल्ला आहे. १२ वर्षांच्या पोराला आपण भर वर्गात बापाची वकिली करायला उभं करतो.

दुसरा नियम मुलांसाठी: पुस्तक संपेपर्यंत गावातल्या कुणाचं नाव घ्यायचं नाही. बोलायचं ते पुस्तकातल्या माणसाबद्दल. कुणी नाव घेतलंच तर ओरडू नका. ओरडलात की ते नाव सगळ्यांच्या लक्षात राहतं. शांतपणे विचारा, “हे कोणत्या पानावर आहे?” मूल पानं चाळायला लागतं आणि बोलणं पुस्तकात परत येतं.

आणि ‘चूक कोणाची’ हा प्रश्न वर्गातून कायमचा काढून टाका. त्याऐवजी प्रत्येक पात्राबद्दल मी तीन गोष्टी विचारते. त्याला काय माहीत होतं? त्याला काय हवं होतं? त्याने त्या दिवशी ते काम केलं नसतं, तर संध्याकाळी घरी काय झालं असतं? यावर दोन तास सहज जातात, जाऊ द्या. शेवटी एकच प्रश्न ठेवा: ती वाळू घेतली कोणी? मुलं आधी ठेकेदार म्हणतात, मग घर बांधणारा म्हणतात, आणि मग कुणीतरी वर बघतं. आपल्या वर्गाच्या छतातही वाळू आहे. यावेळी तुम्ही काही बोलू नका. मी दरवेळी हातातला खडू खाली ठेवते, म्हणजे लिहायचा मोह होत नाही.

पण याच्या उलट टोकालाही जाऊ नका. सगळ्यांचं ऐकून घेतलं की मुलं म्हणतात, “मॅडम, मग सगळेच बरोबर.” सगळेच बरोबर नाहीत. विहीर आटली आहे, पिकं गेली आहेत, पुस्तकातलं एक घर गाव सोडून गेलं आहे. खिडकीतली बरणी आणा, रिकामी करून यावेळी कोरडी वाळू अर्ध्यापर्यंतच भरा, आणि फक्त वाळूच्या पातळीपर्यंत किती पाणी मावतं ते पुन्हा मोजा. माणसाची अडचण खरी असते आणि नदीचं नुकसानही खरं असतं. एक खरं ठरवण्यासाठी दुसरं पुसायला मुलांना शिकवू नका.

हे प्रकरण नीट पार पडलं की पुढचं पुस्तक मुलं स्वतःच ओढून नेतात. वाटेत एक गृहपाठ द्या: घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारायचं की त्यांच्या लहानपणी विहिरीला किती परसांवर (एक परस म्हणजे साधारण माणसाच्या उंचीएवढी खोली) पाणी होतं. यावल-रावेरकडे आज बोअर शेकडो फूट खाली जातात, तिथली मुलं आजोबांचा आकडा ऐकून थक्क होतात. पांझरेच्या खोऱ्यात असाल तर फडाबद्दल, म्हणजे पाणी वाटून घ्यायच्या जुन्या रीतीबद्दल, विचारायला सांगा. बंधाऱ्याचं पाणी पाटाने यायचं, एका फडात, म्हणजे शिवाराच्या एका भागात, सगळे एकच पीक घ्यायचे, आणि पाणी कुणाला कधी ते गावाने नेमलेला पाटकरी बघायचा. पुस्तकात गावसभेचं प्रकरण असेल तर ही माहिती हाताशी असू द्या, नाहीतर मुलांना सभा म्हणजे फक्त भाषणं वाटतात.

शेवट बहुतेक कादंबऱ्यांत घाईचा असतो. मुलं एकत्र येतात आणि २० पानांत नदी वाहू लागते. हुशार मुलाला ते पटत नाही. “खरंच असं होतं का?” असं त्याने विचारलं की साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याचं नाव सांगा. तिथल्या आदिवासी गावाने १९९० च्या दशकात उजाड झालेलं जंगल राखायला घेतलं, कुऱ्हाडीवर स्वतःच बंदी घातली, आणि ती वर्षानुवर्षं पाळली. त्या कामात पुढे असलेल्या चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. मधली वर्षं मुलांना मोजायला लावा. पुस्तकातल्या २० पानांशेजारी तो आकडा लिहून ठेवा.

पुस्तक संपल्यावर घोषवाक्य स्पर्धा नको, पोस्टर नको. ‘झाडे लावा, झाडे जगवा’ मुलांना पहिलीपासून पाठ आहे, त्यासाठी कादंबरी वाचायची गरज नव्हती. परीक्षा तर नकोच.

नदीवर जायचंच, पण पावसाळ्यात नाही. वाळू काढलेले खड्डे पाण्याखाली दिसत नाहीत आणि त्यांत मुलं बुडतात. फेब्रुवारीत जा, पात्र कोरडं पडल्यावर, सकाळी ९ च्या आत, दोन पालक बरोबर घेऊन. मुलांना हाताने झिरा, म्हणजे पाणी झिरपून यावं म्हणून वाळूत करतात तो खड्डा, खणू द्या, खोल नाही, कोपरभर. ओल किती वितींवर लागली ते मोजा आणि पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर तारखेसह लिहा. तीच प्रत पुढच्या वर्षीच्या वर्गाला जाते. माझ्याकडच्या सर्वांत जुन्या प्रतीवर आता अशा सहा नोंदी आहेत, आणि नवा वर्ग पुस्तक हातात पडल्यावर आधी ते पान उघडतो.